रेणुसे मॅडम आणि माघारीचा दिवस

माघारीच्या दिवशी रेणुसे मॅडम सकाळी पहिलं काम करायच्या ते खुर्च्या बाहेर काढायचं. त्यांच्या टेबलासमोर एरवी चार खुर्च्या असत. त्या दिवशी एकच उरायची. अर्ज मागे घ्यायला आलेला उमेदवार आणि त्याच्यासोबतची दहा-पंधरा माणसं दारात आली, की मॅडम चष्म्यावरून बघत म्हणायच्या, "ज्याचा अर्ज, त्यानं बसा. बाकीच्यांनी च्या पिऊन या." लोक हसायचे. मॅडम गंमत करतायत असं त्यांना वाटायचं. मग मी उठून दार लावून घ्यायचो आणि हसणं थांबायचं.

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत अर्ज भरायला येणाऱ्याबरोबर त्याची स्वतःची माणसं असतात. मागे घ्यायला येणाऱ्याबरोबर बहुतेक वेळा दुसऱ्याची असतात. गावानं देवळात बसून ठरवलेलं असतं, की यंदा बिनविरोध करायचं. मग ज्यांचे जास्तीचे अर्ज आलेत त्यांना ठरलेल्या दिवशी दुपारी तीनच्या आत कचेरीत आणून मागे घ्यायला लावतात. दार लागल्यावर मॅडम तीन गोष्टी विचारत. तुमचं नाव काय. हा कागद कसला आहे. आणि तो द्यायची मर्जी तुमची स्वतःची आहे का. इतकं झाल्यावर बाहेरून लिहून आणलेला कागद त्या बाजूला ठेवत आणि कोरा फॉर्म पुढे सरकवत. "आता हितं, माझ्यासमोर, स्वतःच्या हातानं लिहा."

यातलं निम्मंसुद्धा नियमात नव्हतं. मी नवा होतो, तसं एकदा बोलून गेलो. "मला नियम सांगू नका कोंडे, पान नंबर सांगा," हे त्यांचं सगळ्यांसाठी ठरलेलं उत्तर. मी पुस्तक उघडून पान काढलं. तिथे एवढंच होतं, की कागद खरा आहे याबद्दल अधिकाऱ्याचं समाधान झालं पाहिजे. मॅडमनी ते वाचलं, पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "माझं समाधान जरा उशिरा होतं."

मी भोरच्या तहसील कचेरीत कारकून म्हणून निवडणूक शाखेत आलो तेव्हा मॅडम तिथे नायब तहसीलदार होत्या. मूळच्या वेल्ह्याकडच्या. त्या तालुक्याचं नाव आता कागदोपत्री राजगड झालं आहे, पण आमच्या तोंडातून अजून वेल्हेच येतं. शेतकऱ्याची मुलगी, घरातली पहिली सरकारी नोकरी. टंकलेखक म्हणून लागल्या आणि एकेक पायरी चढत वर आल्या. महसुलात निवडणूक शाखा कुणालाच नको असते. तिथे मान नाही, वरकमाई काही नाही, नोटीस मात्र हमखास मिळते. लोक वशिला लावून तिथून सुटका करून घेतात. मॅडमनी कधी प्रयत्न केल्याचं मला आठवत नाही. लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद, सोसायट्या, ग्रामपंचायती, अशा किती निवडणुका त्यांच्या हाताखालून गेल्या याचा त्यांनीही हिशेब ठेवला नव्हता.

कुठलाही निकाल त्या एकाच सुरात वाचायच्या, सातबारा वाचावा तशा. बाहेर गुलाल उडायचा, कुणीतरी पेढे घेऊन आत यायचा. मॅडम त्याला हात जोडून परत पाठवत. त्या दिवशी संध्याकाळी कुणी विचारलं, अमुक गावात कोण आलं, तर त्यांना खरोखर सांगता येत नसे. "उद्या पेपरात वाचू द्या की मलाही," म्हणायच्या. पुढाऱ्यांचे फोन येत तेव्हा सगळं शांतपणे ऐकून घेत आणि शेवटी एकच वाक्य बोलत, "व्हय साहेब, तेवढं लिहून पाठवा." लिहून कुणी पाठवत नसे. चिडणं, आवाज चढवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. आम्हा हाताखालच्यांना मात्र त्याचाच धाक वाटायचा.

त्या तीन प्रश्नांमागचं कारण मला दोन वर्षांनी कळलं. आम्ही मतदान केंद्रं पाहून परत येत होतो आणि कापूरहोळच्या चौकात जीपचं चाक पंक्चर झालं. गॅरेजवाल्याकडे आधीच दोन ट्रक होते. आम्ही बाकड्यावर बसलो. मी सहज म्हणालो, मॅडम, एकेका माघारीला तुम्ही दहा दहा मिनिटं लावता, लोक कुरकुर करतात. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि वेल्ह्याची गोष्ट सांगितली.

तेव्हा त्या वेल्ह्यात अव्वल कारकून होत्या, माघारीच्या टेबलावर. एका बाईचा दीर तिच्या माघारीचा कागद घेऊन आला. तिचा सूचकही तोच होता, त्यामुळे त्याला कागद आणता येत होता. अंगठा, साक्षीदार, तारीख, सगळं जागच्या जागी. मॅडमनी घेतला आणि पोच दिली. तीननंतर चिन्हं वाटून झाली, आणि साडेचारच्या एसटीनं ती बाई आली. माझं चिन्ह कुठलं, म्हणून विचारायला लागली. मॅडमनी तिला सांगितलं, बाई, तुमची माघार झाली, हा बघा तुमचा अंगठा.

"ती म्हणाली, मला सही येती की. सातवी शिकलीय म्या," मॅडम सांगत होत्या. "आणि खरंच कोंडे, त्याच फायलीत दोन पानं खाली तिचा उमेदवारी अर्ज होता. त्यावर सही होती. शाळेतल्या अक्षरात, ठसठशीत. माघारीवर अंगठा. मी ती दोन पानं उलटली नाहीत."

मी विचारलं, मग पुढे? पुढे काही नाही. साहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, कागद पूर्ण आहे, तिला वाटलं तर ती कोर्टात जाईल. कोर्टात कोण जातंय. बाई आरडाओरडा न करता शेवटच्या एसटीनं परत गेली आणि गाव बिनविरोध झालं. चाक बसवून झालं होतं. भोरला पोचेपर्यंत मॅडम बाहेर बघत बसल्या. त्यांना त्या गोष्टीची लाज वाटते हे मला त्या दिवशी समजलं.

आता सारिकाची गोष्ट. भाटघर धरणाच्या पाण्याच्या वरच्या अंगाला एक गाव आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही. खाली गावठाण आणि ओढ्याच्या पलीकडे वरची वस्ती. शाळा, दवाखाना, एसटीचा थांबा, सगळं अलीकडे. पावसाळ्यात ओढा भरला की वस्ती तुटते. पोरं घरी बसतात आणि आजारी माणसाला डोलीत घालून पाणी उतरायची वाट बघतात. सारिकाच्या सासूला असंच दोन दिवस थांबावं लागलं होतं. वस्तीला एक साकव हवा होता, दोन माणसं शेजारी शेजारी चालतील एवढा पूल. सारिका तिशीची, नवरा टेम्पोवर ड्रायव्हर. तिनं बायकांसाठी राखीव असलेल्या जागेवर अर्ज भरला तो या साकवासाठी. त्याच जागेवर गावचे कारभारी तात्या यांच्या सुनेचा अर्ज होता. बाकी सगळ्या जागा जुळल्या होत्या, एवढीच अडली होती.

माघारीच्या दिवशी सकाळी गाव भैरवनाथाच्या देवळात बसलं. सारिकानं सरळ सांगितलं, साकव द्या, मी अर्ज काढते. बोलणी झाली आणि दोन्ही बाजूंनी बेलभंडार उचलला. देवासमोरचा बेल आणि भंडारा हातात घेऊन दिलेला शब्द आमच्याकडे कुणी मोडत नाही. गावानं शब्द दिला, की बिनविरोध झालं तर पंचायतीचा पहिला ठराव साकवाचा. सारिकानं दिला, की आज अर्ज काढते, आणि कचेरीत साकवाचं नाव काढणार नाही. काही देऊन माघार घ्यायला लावणं हा गुन्हा आहे, एवढा कायदा तात्यांना ठाऊक होता. आम्हाला यातलं तेव्हा काहीच माहीत नव्हतं.

दुपारी अडीचला दोन जीप भरून माणसं कचेरीत आली. शेवटचा दिवस, त्यामुळे आधीच रांग होती. सारिकाचा नंबर लागला तेव्हा पावणेतीन झाले होते. मॅडम म्हणाल्या, "ज्याचा अर्ज, त्यानं बसा." तात्या म्हणाले, "मॅडम, जरा लवकर. काय अडचन न्हाई, पोरगी राजीखुशीनं आलीय." मॅडमनी मान हलवली. मी दार लावलं.

सारिका खुर्चीच्या टोकावर बसली. पदर दोन्ही मुठीत धरलेला, नजर टेबलावर. नाव सांगितलं, कागद माघारीचा आहे हे सांगितलं. मर्जी तुझी आहे का, यावर पाठ केल्यासारखं "माझी मर्जी हाय" म्हणाली.

मॅडमनी तिच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला. "भिऊ नको. दार लावलंय. कुणी दम दिलाय का?"

"न्हाई."

"मग अर्ज का काढतेस?"

"माझी मर्जी हाय."

"घरच्यांनी सांगितलं?"

"न्हाई. माझी मर्जी हाय म्हनलं की."

तिचं बोलणं ऐकून मलासुद्धा वाटलं, की पोरीला धमकावून आणलंय. मॅडमना तर खात्रीच झाली असावी. त्यांनी तिचा लिहून आणलेला कागद पाहिला. मजकूर दुसऱ्याच्या अक्षरात होता, खाली सहीची जागा मोकळी. त्यांनी तो बाजूला ठेवला आणि पुन्हा पहिल्यापासून विचारलं. अर्ज ठेवलास तर काय होईल, पोलीस संरक्षण मिळतं, तुला माहीत आहे का. सारिका दाराकडे बघत होती, मग घड्याळाकडे. "द्या तो कागद, लिवते मी," ती म्हणाली. मॅडमनी कोरा फॉर्म दिला आणि देताना पुन्हा विचारलं, "नक्की?" तिनं पेन उचललं. एकेक अक्षर काढत लिहीत राहिली. प्रभाग क्रमांक आठवेना, तो मी सांगितला. सही करून तिनं कागद पुढे केला तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून चार मिनिटं झाली होती.

मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं आणि पेनाला टोपण लावलं. पस्तीसेक वर्षांच्या नोकरीत त्यांची वेळ कधी चुकली नव्हती. बाहेरून दार वाजायला लागलं. मी उघडलं. तात्या आत येऊन घड्याळ बघून म्हणाले, "चार मिन्टानं काय व्हतंय मॅडम, पावनेतीन लिवा. आमची कुनाचीच तक्रार न्हाई." खरं होतं. तक्रार करायला कुणी उरलंच नव्हतं. मीही हळूच म्हणालो, मॅडम, दोन पंचावन्न टाकतो. सारिका माझ्याकडे बघत होती.

"घड्याळात किती वाजलेत, कोंडे?"

"तीन चार."

"तेवढेच लिहा. माघार वेळेत आलेली नाही."

तेव्हा सारिका बोलली. उभी राहून, सगळ्यांच्या देखत. "आता सांगते मी. वढ्यावर साकव देनार व्हते त्ये मला. भंडार उचललाय म्या आज सकाळी. तुमी इचारत बसला अन् माझा शबूद गेला." मॅडमनी तिचं सगळं बोलणं ऐकून घेतलं. कायद्यानं बघायचं तर ते तिथल्या तिथे नोंदवायला हवं होतं आणि तात्यांवर गुन्हा दाखल व्हायला हवा होता. मॅडमनी समोरचा कागद उलटा करून ठेवला आणि मला चिन्हांची यादी काढायला सांगितली. ऐकलेली गोष्ट त्यांनी कागदावर घेतली नाही, असं मी तेवढं एकदाच पाहिलं. कुठलं चिन्ह हवंय, यावर सारिका म्हणाली, "काय बी द्या."

मॅडमनी चार मिनिटांचा खोटेपणा केला असता तर एका वस्तीला पूल मिळाला असता, असं मला तेव्हा वाटलं होतं आणि अजूनही मधूनच वाटतं. चूक त्यांची आणि भोगायचं सारिकानं, हे मला पटलं नाही. मी ते बोलूनही दाखवलं. मॅडम म्हणाल्या, "आज चांगल्यासाठी घड्याळ मागं नेलं, तर उद्या मला दुसऱ्या कशासाठी न्यायला सांगतील आणि मी नाही म्हणू शकणार नाही." हे उत्तर बरोबरच होतं. त्यानं ओढा ओलांडता येत नव्हता, एवढंच.

निवडणूक झाली. सारिका घरोघर फिरून सांगत होती, की मला मत देऊ नका. तरी तिला एकवीस मतं पडली आणि तात्यांची सून निवडून आली. गावाला हवं होतं तेच झालं, फक्त बिनविरोध झालं नाही. शब्द मोडला म्हणून साकवाचा ठराव बारगळला आणि शब्द मोडणारी म्हणून सारिकाचं नाव झालं. ती एकवीस मतं तिनंच गुपचूप मागितली असं लोक म्हणू लागले.

निकालानंतर एका रविवारी मॅडम मला म्हणाल्या, "येता का माझ्याबरोबर? सरकारी काम नाही." मी माझ्या गावाहून, शिवऱ्याहून निघालो, कापूरहोळला गाडी बदलली आणि भोर स्टँडवर त्यांना गाठलं. तिथून दोघं एसटीनं गावात गेलो. मॅडमनी तात्यांना निरोप दिला, की देवळात माणसं बोलवा. पंधरा-वीस जण आले. बायका बाहेर पायरीपाशी थांबल्या, त्यात सारिका होती. तात्यांनी खुर्ची मागवली. मॅडम बसल्या नाहीत.

"या पोरीनं शब्द मोडला नाही," त्या म्हणाल्या. "ती वेळेत आली होती, कागदही वेळेत मागत होती. उशीर माझ्यामुळं झाला. चूक माझी आहे, तिची नाही. तिच्याशी जे ठरलं होतं ते तुम्ही करावं, एवढं सांगायला मी आले."

अधिकाऱ्यानं देवळात येऊन आपली चूक सांगितल्याचं त्या गावात कुणी पाहिलं नव्हतं. मंडळी अवघडली. तात्या मऊ आवाजात म्हणाले, "मॅडम, तुमी मोठ्या. तुमी हितवर आला हेच लई झालं. पर भंडार बिनविरोधावर उचलला व्हता. बिनविरोध झालं न्हाई."

"मग शब्द माझ्याकडनं मोडला असं धरा."

"तुमी कुठं उचलला व्हता?" तात्यांनी विचारलं.

चहा आला, तो आम्ही घेतला. थांब्यापर्यंत सारिका सोबत आली. एसटी दिसायला लागली तेव्हा मॅडम तिला म्हणाल्या, "माफ कर मला."

"माफ करून वढा वलांडता येतो का, मॅडम?" सारिका म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, खरंच विचारल्यासारखं विचारलं तिनं. एसटीच्या दारात पाय ठेवेपर्यंत मॅडम तिच्याकडे वळून वळून बघत होत्या.

गाडीत त्या म्हणाल्या, "कोंडे, त्या दिवशी मी हिला विचारतच नव्हते. समोर ही बसली होती आणि मी वेल्ह्याच्या बाईला विचारत होते." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी खिडकीबाहेर बघितलं, कारण त्यांना ते आवडलं नसतं.

आठ महिन्यांनी मॅडम निवृत्त झाल्या. निरोपाच्या भाषणात त्यांनी आम्हाला चहा वेळेवर दिल्याबद्दल शिपायांचे आभार मानले आणि खाली बसल्या. पुढे आजारी पडल्या आणि मागच्या वर्षी भोरमध्येच गेल्या. मी तोवर अव्वल कारकून झालो होतो. या वेळच्या ग्रामपंचायत निवडणुकीत सारिकाच्या गावाचं टेबल माझ्याकडे आलं.

पहिल्याच दिवशी सारिका अर्ज घेऊन आली, एकटी. अर्ज तपासून झाल्यावर मी म्हणालो, रेणुसे मॅडम गेल्या. "कळलं व्हतं," ती म्हणाली. "लई राग केला म्या त्यांचा. अजून बी हाय. पर माझी मर्जी काय, ते घरात कुनी इचारलं न्हाई, देवळात कुनी इचारलं न्हाई. त्यांनी इचारलं, त्ये नको तवा इचारलं." या खेपेला तिनं कुणाशी बोलणी केली नाहीत आणि ती निवडून आली. साकवाचं काम मंजूर झालं म्हणतात. मी अजून पाहिलेला नाही.

माघारीच्या दिवशी दुसऱ्या एका गावची बाई आली, पंचवीस-तीस माणसांसोबत. मी इतरांना बाहेर पाठवलं, दार लावून घेतलं आणि विचारलं, "तुमची मर्जी आहे का?" ती खाली बघून म्हणाली, "हाय." दुसरा प्रश्न माझ्या जिभेवर आला होता. पहिल्याच खेपेला ऐकलं नाही तर सारिकाचं झालं तसं होतं, आणि ऐकलं तर वेल्ह्याच्या बाईचं झालं तसं. मी फायलीतली दोन पानं उलटून सही ताडून पाहिली. सही तीच होती. कागद घेतला, वेळ लिहिली, पोच दिली. बाई उठली, दार उघडून त्या माणसांमध्ये गेली आणि जीपमध्ये बसली. ती खरं बोलली होती का, ते मला अजून माहीत नाही.